पिण्यास योग्य

हिदार ४
आलो एकदाचा बिशोफ्तूला. राजधानी अदिसहून दीड तासाचा रस्ता, त्यातला अर्धा तास गाढवं भरलेल्या एका ट्रकमागे. गाढवं माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मी गाढवांकडे. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी सकाळी निरोप दिला तेव्हा यापेक्षा बरे चेहरे काही दिसले नव्हते.

घर मात्र झकास आहे. हॉटेलवाल्यांनीच दिलंय, तळ्याच्या अगदी कडेला, आणि खिडकी उघडली की खाली पाणीच पाणी. कधीकाळी इथे ज्वालामुखीने तोंड वासलं, ते मिटायचं राहून गेलं आणि त्यात पाणी साचलं. गावाची सगळी पुण्याई एवढीच. गावकऱ्यांनी स्वतःहून काही केलंय म्हणावं तर काठावर प्लास्टिक टाकलंय.

हॉटेलचे संचालक अतो दाग्नाचेव यांनी जेवायला नेलं. माणसाला तीन फोन आहेत आणि मान एकही नाही. तळलेला मासा खाता खाता त्यांनी 'पर्यावरण' हा शब्द पंधरा वेळा उच्चारला, मी मोजला. माझं काम सोपं आहे म्हणाले. हिदार आणि तहसास हे दोन महिने तळ्याचं पाणी तपासायचं, गेन्नाच्या, म्हणजे आमच्या नाताळाच्या, सणाआधी दाखला द्यायचा आणि परत जायचं. परत गेल्यावर अदिसच्या प्रयोगशाळेत प्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे आणि मंत्रालयात त्यांचा शब्द चालतो, हेही त्यांनी मासा संपवता संपवता सांगितलं.

स्वयंपाकाला अद्दे कुलेनी नावाची बाई येते. पन्नाशीची, विधवा, खालच्या वस्तीत राहते. मी रसायनवाला आहे हे दोनदा सांगूनही मला 'इंजिनिअर' म्हणते. इंजेराच्या आंबट पोळ्या मात्र मऊसूत करते, तेव्हा म्हणू दे.

हिदार ७
आज होडीतून पहिले नमुने घेतले. दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी कधी होते ते मोजायचं, ही आमची जुनी रीत. पूर्वीच्या नोंदींत थाळी दोन पुरुष खोल दिसायची. आज हातभर गेली आणि गायब झाली.

कारण शोधायला विद्वान लागत नाही. हॉटेलचा सांडपाण्याचा पाइप काठावरच्या झुडपांतून उतरतो आणि पाण्याखाली तोंड उघडतो. पाहुण्यांनी वर केलेलं सगळं खाली तळ्यात. विचारलं तर दाग्नाचेव म्हणाले की तो 'तात्पुरता' आहे. पाइपवरचा गंज किमान सहा वर्षांचा होता.

पलीकडच्या बाजूला फुलांचे कारखाने. गुलाब विमानाने परदेशी जातात आणि त्यांच्यासाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलंय की खालच्या वस्तीचे नळ आठ महिने कोरडे आहेत. बायका पिवळे डबे घेऊन टँकरची वाट बघतात. इथेच दाग्नाचेव यांचं औदार्य उफाळून आलं आहे: हॉटेल स्वखर्चाने तळ्याचं पाणी वस्तीला देणार, आणि बदल्यात नगरपालिका पाइपाकडे बघणार नाही. मधे फक्त एक कागद हवा. त्यावर 'पिण्यास योग्य' असं लिहिलेलं हवं आणि खाली माझी सही.

हिदार १२
आज कचरा जाळायचा दिवस. दारोदार ढीग पेटलेत. शंभर वर्षांपूर्वीची साथ अशीच पळवून लावली म्हणे. साथ गेली, धूर राहिला. डोळे चुरचुरताहेत आणि हॉटेलचे माळी प्लास्टिकच्या खुर्च्या जाळताहेत.

कुलेनीने विचारलं, तुमचं नाव इथल्या इद्दिरमध्ये घालायचं का. मेल्यावर खांदा कोण देणार, तंबू कोण ठोकणार, घुगऱ्या कोण शिजवणार, याची जिवंतपणीच सोय लावून ठेवणारी ही मंडळी. देशात जिथे जावं तिथे आहेत. चहाच्या टपरीला परवाना नसेल, पण इद्दिरची वही असणारच. मी म्हटलं, बाई, मी इथे दोन महिने राहायला आलोय, मरायला नाही.

ती म्हणाली, "मरायला कोण येतं इंजिनिअर? पण इद्दिर नसलेला माणूस म्हणजे बेवारशी. त्याला कुणीही आपला म्हणतं."

अडाण्यांचं तत्त्वज्ञान. मसूर छान झाली होती.

हिदार १५
ही माणसं पिच्छा सोडत नाहीत. सकाळी कॉफी घेत होतो तर फाटकाशी सात-आठ जण उभे. पांढऱ्या शाली, किनार वर गळ्याशी गुंडाळलेली, मयताला जाताना घेतात तशी. पुढे एक म्हातारा, त्याच्या हातात जाडजूड वही. कुलेनीने गावभर केलेलं दिसतंय, म्हटलं.

दवातून चालत आले असावेत, शाली ठिबकत होत्या. वर्गणी किती म्हणून विचारलं तर म्हातारा म्हणाला, पैसे नकोत, बोलावलं की यायचं एवढंच. माझी कॉफी निवत होती. या लोकांना घालवायचा एकच उपाय असतो, त्यांचं ऐकणं. सही ठोकली. पान इतकं दमट की शाई पसरली. त्यांनी मान लववून आभार मानले आणि उतारावरून खाली तळ्याच्या बाजूला गेले. तिकडून वस्तीला वाट आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हिदार १९
कुलेनीला म्हटलं, झालं ना समाधान, केली सही. ती परातीतून हात न काढता बघत राहिली. आमच्या इद्दिरची नावं रविवारी चर्चनंतर वडाखाली घेतात, म्हणाली, आम्ही कुणाच्या दारात जात नाही. मग तिने विचारलं की शाली ओल्या होत्या का.

होत्या म्हटल्यावर तिने हात धुतले. मग सांगितलं ते असं: तळ्यात गेलेले, ज्यांना वर काढायला कुणी आलं नाही, धुणाऱ्या बायका, होडीवाले, पाइप टाकताना दगडाखाली गेलेले मजूर, त्यांचीही एक इद्दिर असते असं तिची सासू सांगायची. मी इतका हसलो की खोकला आला. गेल्या आठवड्याच्या धुराचा असेल. तिने पीठ पुन्हा मळायला घेतलं.

पहाटे कर्णा वाजत होता. कुणी गेलं की इथे कर्णेवाला गल्लीतून फिरतो आणि मयताचं नाव पुकारतो. नाव कळलं नाही. आवाज खालून येत होता.

हिदार २१
कुलेनी म्हणते वस्तीत कुणीच गेलेलं नाही. आणि कर्णेवाला ओब्बो तुफा महिनाभर पाय मोडून घरी पडलाय. ठीक आहे. मग हॉटेलचा एखादा पाहुणा दारू पिऊन भोंगा वाजवत असेल. पाहुण्यांकडून याहून मोठी अपेक्षा मी करत नाही.

हिदार २४
सकाळी वास आला म्हणून खिडकी उघडली. तळं पांढरं झालं होतं. मासे, काठापासून काठापर्यंत, पोटं वर करून.

गावकरी काठावर उभे राहून म्हणत होते की तळ्याने कूस बदलली. अगदीच चूक नाही. थंडीच्या वाऱ्याने वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि तळाचं कुजकं, श्वास नसलेलं पाणी वर येतं. दरवर्षी थोडं होतं. पण इतकं व्हायला तळाशी सहा वर्षांची हॉटेलची घाण साठावी लागते. दाग्नाचेव यांनी मजूर लावून मासे ओढून खड्ड्यात घातले आणि त्यांच्यावर चुना टाकून वर फुलझाडं लावली. मला म्हणाले, नैसर्गिक घटना आहे असं लिहा. मी लिहिलं.

कर्णा काल पहाटेही वाजला होता. हे आता लिहिताना आठवलं.

तहसास ३
पाण्यावर निळसर हिरवी साय धरली आहे. नमुने तपासले. त्या सायीचं विष आहे, आणि ते उकळून जात नाही, गाळून जात नाही. यकृत खातं. आकडा या वहीत लिहीत नाही. वह्या लोकांच्या हाती पडतात.

दुसरी एक गोष्ट लिहितो, कारण ती लिहिल्यावर मूर्खपणाची दिसेल आणि मला हायसं वाटेल. थाळी पाण्यात सोडली. हातभर, दोन हात, मग दोरी जड झाली. शेवाळ असणार म्हणून ओढली. थाळी वर आली तेव्हा तिच्यावर मूठभर घुगऱ्या होत्या. गहू आणि हरभरे, मयताच्या घरी वाटतात त्या. उकडलेल्या. ऊन होत्या.

होडीवाल्याला दाखवल्या. त्याने थाळीकडे बघितलंच नाही, वल्ही मारत काठाला आला आणि उद्यापासून येणार नाही म्हणाला.

मूर्खपणाची दिसते आहे खरी. हायसं मात्र वाटलं नाही.

तहसास ८
तळ्याकाठी तंबू ठोकलाय. लोखंडी खांब, वर ताडपत्री, मयताचा असतो तसा. दिवसा उन्हात, सगळ्यांदेखत. हॉटेलच्या पहारेकऱ्याला विचारलं, हा कुणाचा. कुठला, म्हणाला. मी बोट दाखवलं. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला.

पहारेकरी ठार आंधळा आहे असं समजून चालतो. इथे नोकरीला तेवढी पात्रता पुरत असावी.

तहसास ११
तंबू वर सरकलाय. त्या दिवशी पाण्यालगत होता, आज फळीच्या धक्क्यापाशी.

दाग्नाचेव येऊन गेले. प्रमुखाच्या खुर्चीवर आणखी दोघांचा डोळा आहे म्हणाले. जाताना पाण्याच्या बारा सीलबंद बाटल्या ठेवून गेले, तुम्हाला प्यायला म्हणून. बारा. मला अदिसला बारा नमुने पाठवायचे आहेत. असल्या बाबतीत माणूस मूर्ख नाही.

तहसास १५
म्हातारा आज भर दुपारी आला. मी व्हरांड्यात होतो. बाकीचे फाटकाबाहेर उभे. पायऱ्यांवर पाण्याचा ओघळ.

म्हणाला, "तीनदा कर्णा वाजवला. तुम्ही आला नाहीत."

मी म्हटलं, मला दोनदाच ऐकू आला, आणि कोण गेलं होतं ते तरी सांगा. तो म्हणाला, मासे होते. पाणपक्षी होते. एकदा तळाचं पाणी गेलं. पुढच्या वेळी माणसं असतील, तेव्हा यावंच लागेल.

मी त्याला हाकलून दिलं. अदिसमध्ये भिकाऱ्यांना हाकलतो त्याच शब्दांत. आत येऊन बसलो. भर दुपारी दाराला कडी घातली होती आणि मला त्या कडीची लाज वाटली.

तहसास १६
कुलेनीला सगळं सांगितलं. तिला, म्हणजे माझ्या स्वयंपाकिणीला. मी, पंधरा वर्षं पाणी तपासणारा. तिच्या इद्दिरमध्ये नाव घालायला सांगितलं. ती म्हणाली एका माणसाचं नाव दोन वह्यांत राहत नाही.

मग काय करू, विचारलं.

"त्यांना माणूस कशाला हवाय ते बघा. तुमच्या हातून काय व्हायचंय ते तुम्हालाच ठाऊक, इंजिनिअर."

मला ठाऊक आहे. बारा बाटल्या टेबलाखाली आहेत. ती झाडताना त्या बाजूला सारते आणि परत जागेवर ठेवते. तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तहसास १८
सही केली.

कारणं लिहायला घेतली होती. चार खोडली. खुर्ची हवी होती, एवढंच उरलं.

तहसास २२
नळ सुरू झाले. बँड, फिती, भाषणं. दाग्नाचेव यांनी पहिला पेला भरला, ओठाला लावला, फोटो झाला, आणि पेला मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात गेला. खालच्या वस्तीच्या बायकांनी आनंदाने जिभा वाजवल्या. पिवळे डबे भरले. मुलं नळाखाली तोंड लावून प्यायली.

कुलेनी मला शोधत गर्दीतून आली आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. भर गर्दीत. मी हात ओढून घेतला, तर तिला वाटलं मी लाजलो.

तंबू आता उताराच्या मध्यावर आहे. वळकट्या आणल्यात. बाकं लावताहेत. बाकं फार आहेत.

तहसास २४
आज सांगायचंच असं ठरवून खालच्या वस्तीत गेलो. एकच वाक्य. पाणी पिऊ नका. वाटेत दहा वेळा घोकलं.

कुलेनीने दारात गवत पसरलेलं, कॉफी भाजायला घेतलेली. शेजारच्या सहाजणी आल्या. इंजिनिअर घरी आलेत. भांडं निखाऱ्यावर आणि त्यात नळाचं पाणी. मी पाहिलं ते ओतताना. वर बारीक हिरवट कण होते. तिने ते बोटाने टिपून टाकले आणि हसली, नवं पाणी आहे, बसेल हळूहळू.

पहिला पेला आला. आता बोलतो म्हटलं. एकजण सांगत होती की आठ महिन्यांत पहिल्यांदा बाळाला रोज आंघोळ घालतेय. पहिला प्यायलो. दुसरा आला. दुसरीने सांगितलं, तिच्या नवऱ्याने माझं नाव प्रार्थनेत घातलंय. दुसरा प्यायलो. तिसऱ्याआधी उठून जायचं नसतं, तिसरा आशीर्वादाचा, हे आमच्यातलं कुत्रंसुद्धा जाणतं. तिसराही प्यायलो. आशीर्वाद घेतला. उठलो.

त्यांना अडाणी म्हणत होतो मी. सात बायकांच्या समोर तोंडातून एक वाक्य निघालं नाही. उद्या सांगेन.

तहसास २५
सांगितलं नाही. सकाळपासून उलट्या. डोळे पिवळे.

कुलेनी आली नाही. पहिल्यांदाच.

तहसास २६
दाग्नाचेव यांना फोन केला. नळ बंद करा म्हटलं. कोण बोलतंय, म्हणाले. नाव सांगितलं. म्हणाले, इंजिनिअर, तुमच्याच सहीचा कागद समोर आहे — आणि हसले. नगरपालिकेत केला. त्यांनीही कागद वाचून दाखवला, फोनवर, सबंध. माझे शब्द. स्वच्छ भाषा आहे. मी चांगलं लिहितो —

कुलेनीची सून आली होती डबा घेऊन. सासूबाई पडून आहेत म्हणाली, पोट दुखतंय. बाळंही. वस्तीत पुष्कळजण. म्हणून जास्त पाणी पाजतोय, म्हणाली, गरम करून.

मी ओरडलो तिच्यावर. नको, नको, असं काहीतरी. ताप आहे साहेबांना, म्हणाली आणि डबा ठेवून गेली. डब्यात सूप. पातळ.

तहसास २७
उठवत नाही. खिडकीतून दिसतं. तंबू फाटकाशी. बाकांवर अजून कुणी नाही, नुसती मांडून ठेवलीत. मोजायला गेलो. चाळीस. मग वळणामागे आणखी —

माझ्यासाठी एवढे लोक कशाला. माझ्या मयताला चारजण येणार नाहीत.

तहसास २८
उद्या गेन्ना. खाली चर्चमध्ये गाताहेत, कमी आवाज आहेत. एरवी वस्ती भरून गाते म्हणे.

पाय ओले आहेत. पलंगावरून उतरलो नाही आणि पाय ओले.

मी घाबरलोय. हे नीट अक्षरात लिहितो. मी सिराक अशाग्रे, मला भीती वाटते —

तहसास २९
कर्णा. दारातच. उजाडलंय, ऊन आलंय, आणि दारात कर्णा.

म्हातारा आत आला. पलंगाशी बसला, अगदी घरच्यासारखा. मी म्हटलं चला, न्या मला, संपवा. त्याने मान हलवली. म्हणाला —

"तुम्हाला न्यायला नाही आलो, इंजिनिअर. यादी मोठी आहे. आमच्यात खांदे कमी पडतायत."

वही उघडली. माझी सही, पसरलेली. तिच्याखाली नावं. पहिलं कुलेनी. मग तिची सून. मग एक नाव, पुढे वय महिन्यांत. पान उलटलं. पुन्हा पान —

सगळी नाही गेलेली अजून. म्हाताऱ्याने सांगितलं. पुष्कळजण अजून पिताहेत. म्हणजे वेळ आहे. कुणी हे वाचलं तर — नळ बंद करा, आधी नळ —

शाल आणली आहे. ओली. किनार वर करून माझ्या गळ्याशी गुंडाळताहेत. एक ओळ लिहू द्या म्हटलं. थांबलेत. उभे आहेत.

कागदावरचं खोटं आहे. ते नमुने बाटलीतले. तळ्याचा खरा आकडा मी तहसास तीनला काढला, कुणालाच सांगितला नाही, या वहीतसुद्धा नाही. आता लिहितो. दर लिटरमागे